‘दिसलं’ आणि ‘दिसलें’ : फोंड्यातला रविवारचा वर्ग

गेल्या चार महिन्यांत मला पाच मुख्याध्यापकांचे फोन आले आणि पाचही जणांनी तेच विचारलं. "फोंड्याच्या त्या बाईंच्या क्लासला जाऊ काय? उपयोग होतो काय?" मुख्याध्यापकाची खुर्ची सोडून भाग शिक्षणाधिकारी होण्याचा, म्हणजे शाळा चालवण्याऐवजी शाळा तपासण्याचा विचार आपल्याकडे गोव्यात बरेच जण करतायत, आणि हा क्लास त्याच तयारीचा. प्रत्येकाला फोनवर अर्धवट सांगण्यापेक्षा एकदा नीट लिहून टाकते.

बाईंचं नाव आणि घराचा पत्ता देत नाही, त्यांनीच तसं बजावलंय. खात्यातून निवृत्त झाल्या आहेत, आयुष्य शाळा तपासण्यात गेलं. घर ढवळीच्या बाजूला. वर्ग घरच्या बल्कांवात, म्हणजे पुढच्या ओसरीत भरतो, पावसात झड आली की आतल्या दिवाणखान्यात. सहा आठवडे, रविवारी सकाळी दहा ते दीड. फी साडेचार हजार, त्यात झेरॉक्स नोट्स आणि अकराच्या सुमाराला चहा-मिरची भजी. आमच्या तुकडीत नऊ जण होतो. सहा मुख्याध्यापक, दोन उच्च माध्यमिकचे शिक्षक आणि एक केपेची प्राथमिक शिक्षिका, जी आम्हा सगळ्यांपेक्षा हुशार निघाली.

मी वाळपईजवळच्या एका अनुदानित माध्यमिक शाळेत नऊ वर्षं मुख्याध्यापिका होते, त्याआधी चौदा वर्षं गणित-विज्ञान शिकवलं. दर रविवारी सकाळची कदंब बस पकडून उसगाव-तिस्कमार्गे फोंड्याला जायचे. आता निवड होऊन, रुजू होऊन अकरा महिने झाले. तेव्हा वर्गात काय शिकले आणि त्यातलं कामावर काय उपयोगी पडलं, दोन्ही सांगता येईल.

आधी जे कमी पडलं ते. पहिले दोन रविवार कायद्याचे. गोवा, दमण आणि दीव शालेय शिक्षण कायदा १९८४ चा, त्याचे नियम १९८६ चे, आणि शिक्षण हक्क कायदा २००९ चा. बाई कलमं घोकून घेत नाहीत, उदाहरणांनी समजावतात. पाचवीपर्यंत वर्षाला किमान २०० दिवस आणि ८०० तास, सहावी ते आठवी २२० दिवस आणि १००० तास. मग जत्रेची सुट्टी, पावसाची सुट्टी, निवडणुकीसाठी शाळेची इमारत गेली ते दिवस, सगळं वजा करून तुमच्या शाळेचा हिशेब मांडा म्हणाल्या. माझ्या शाळेचा हिशेब मांडताना पेन दोनदा थांबलं. इथपर्यंत उत्तम. पण हातात दिलेल्या नोट्स जुन्या होत्या. शिक्षण हक्क कायद्यात २०१९ साली दुरुस्ती झाली, पाचवीला आणि आठवीला परीक्षा घेऊन मुलाला त्याच इयत्तेत ठेवायची मुभा राज्यांना मिळाली. नोट्समध्ये मात्र ‘आठवीपर्यंत कुणालाही मागे ठेवायचं नाही’ एवढीच ओळ. मी दाखवली, बाईंनी लगेच मान्य करून आमच्या प्रतींत दुरुस्त करून घेतली. पुढच्या तुकडीतल्या मैत्रिणीच्या प्रतीत ती ओळ जशीच्या तशी आहे. परीक्षेला बसणाऱ्या माणसाच्या हातात असा कागद जाता कामा नये. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणावर एक पान, त्यात शालेय टप्प्यांची पाच-तीन-तीन-चारची आकृती, संपलं. आणि लोकसेवा आयोगाची चाळणी परीक्षा संगणकावर असते, तिचा सराव इथं अजिबात होत नाही. तो मी घरी मुलाच्या लॅपटॉपवर केला.

लेखी परीक्षेपुरता क्लास हवा असेल तर कायद्याच्या भागाला मी पाचपैकी अडीच देईन. त्यासाठी फोंड्यापर्यंत येण्याची गरज नाही.

दर रविवारी शेवटचा अर्धा तास कोकणीचा असतो. आयोगाच्या जाहिरातीत कोकणीचं ज्ञान आवश्यक आणि मराठीचं असल्यास उत्तम, असं असतं. आमच्यासारख्या मराठी शाळेत शिकलेल्यांची स्थिती अशी की घरात कोकणी, शाळेत मराठी आणि फाइलीत इंग्लिश. बोलताना कोकणी अडत नाही, पण मुलाखतीत ‘शाळा व्यवस्थापन समितीत पालकांचं प्रमाण किती’ असं कोकणीत विचारलं की उत्तर मराठीत बाहेर पडतं. बाई त्या अर्ध्या तासात मराठीला हात लावू देत नाहीत. तीन चतुर्थांश पालक आणि एकूण सदस्यांत निम्म्या बायका, हे मी त्या अर्ध्या तासात कोकणीत पाच वेळा म्हणाले असेन. मुलाखतीत तोच प्रश्न आला नाही, पण जीभ सैल झाली होती.

आता ज्यासाठी हा वर्ग करावा ते. चौथी भेट रविवारी नसते, शनिवारी असते. बाई रीतसर परवानगी काढून एका सरकारी प्राथमिक शाळेत नेतात. आम्ही तिघं तिसरी-चौथीच्या एकत्र वर्गात मागं बसलो. तरुण शिक्षिका हातच्याची वजाबाकी शिकवत होती, ५२ वजा २७. खिडकीकडचा एक मुलगा सात वजा दोन पाच, पाच वजा दोन तीन असं करून ३५ लिहून मोकळा झाला. तेवीस वर्षांची सवय. मी उठले, त्याच्यापाशी वाकले, पेन्सिल घ्यायला हात पुढं केला. दारात बाई उभ्या होत्या. आवाज न चढवता म्हणाल्या, "हात फाटीं."

हात मागं घे. मी हात मागं बांधून जागेवर आले. पुढच्या दहा मिनिटांत मला दिसलं की ३५ हे उत्तर त्या एकाचं नव्हतं, त्याच्या ओळीतल्या आणखी चौघांचं होतं. शिक्षिका वह्या बघत फिरली, तिला ते दिसलं, तिनं त्याच मुलाला फळ्याजवळ बोलावून काड्यांचा जुडगा सोडायला लावला. मी त्याचं उत्तर सुधारलं असतं तर तिला काय जमतं ते मला कधीच कळलं नसतं. मुख्याध्यापकाचं काम हात घालण्याचं असतं. नळ गळतो, शिक्षक रजेवर, पोर पडलं, आपण धावतो, आणि धावणं म्हणजेच चांगलं काम असं अंगात मुरलेलं असतं. हे अंगातून काढायला कुणीतरी दारात उभं राहून सांगावं लागतं. पुस्तकात वाचून ते निघत नाही.

मग बल्कांवात परत येऊन प्रत्येकानं एक पान लिहिलं. माझ्या पानावर होतं: ‘वर्गातलं वातावरण उत्साही होतं. शिक्षिकेची तयारी चांगली. मागच्या मुलांकडे थोडं दुर्लक्ष.’ बाईंनी लाल पेनानं ‘उत्साही’, ‘चांगली’, ‘थोडं’ या तिन्ही शब्दांभोवती गोल केले आणि विचारलं, "हें तुका दिसलें. पूण तुवें पळयलें कितें?"

मराठी वाचकाला इथं थांबून सांगायला हवं. मराठीत ‘मला दिसलं’ म्हणजे डोळ्यांना दिसलं. कोकणीत ‘म्हाका दिसलें’ म्हणजे मला वाटलं. शब्द तोच. आम्ही गोव्यातली माणसं दिवसभर दोन्ही भाषांतून ये-जा करतो, पण या एका शब्दात केवढी दरी आहे ते मला सत्तेचाळिसाव्या वर्षी त्या बल्कांवात कळलं. बाईंचं वाक्य आता माझ्या वहीच्या पहिल्या पानावर आहे: ‘कितें पळयलें तें बरय. कितें दिसलें तें मागीर.’ काय पाहिलंस ते लिही. काय वाटलं ते नंतर.

दुसऱ्यांदा लिहिलं तेव्हा पान असं झालं: ‘पटावर २३, हजर २१. ४० मिनिटांत शिक्षिकेने १४ प्रश्न विचारले, त्यांपैकी ११ पुढच्या दोन रांगांना. ५ मुलांचं ५२ वजा २७ चं उत्तर ३५. शिक्षिकेने वह्या फिरून पाहिल्या, त्यांतल्या एकाला फळ्यावर बोलावून काड्यांनी करून घेतलं.’ खाली रेघ, आणि रेघेखाली माझं मत. वाचताना मलाच जाणवलं की हे पान हातात पडलं तर ती शिक्षिका माझ्याशी भांडणार नाही, उद्या मागच्या रांगेला प्रश्न विचारील. पहिल्या पानानं ती फक्त दुखावली असती.

बाईंनी ते पानही परत केलं. "एकवीस हजर. मग दोघं कुठं?" मी विचारलंच नव्हतं.

या प्रश्नानं मी घरी येईपर्यंत अस्वस्थ होते. आमच्या सत्तरी तालुक्यातल्या गावच्या शाळेत इन्स्पेक्टर यायचे तेव्हा आदल्या दिवशी जमीन शेणानं सारवायची, फळा कोळशानं काळा करायचा, आणि वाचता येणाऱ्यांना पुढं बसवायचं. मी पुढं असायचे. माझ्या शेजारी बसणाऱ्या मुलाला मास्तर म्हणायचे, तू उद्या गुरं घेऊन जा. तो खूश व्हायचा. सातवीपर्यंत तो पोचला नाही. आणि मी स्वतः मुख्याध्यापिका असताना, तपासणीच्या दिवशी कुणाला घरी बसवलं नाही खरं, पण दहावीच्या वर्गातली बैठक बदलली होती, दोनदा. हे मी त्या शनिवारनंतरच्या रविवारी सगळ्यांसमोर सांगितलं. सहापैकी चार मुख्याध्यापकांनी माना हलवल्या. त्या दिवशी वर्ग दोन वाजेपर्यंत चालला.

पाचव्या रविवारी बाईंनी इंग्लंडची गोष्ट काढली. तिथं ऑफस्टेड ही शाळा तपासणारी संस्था १९९२ पासून आहे. रेडिंग शहरातल्या एका प्राथमिक शाळेची तपासणी नोव्हेंबर २०२२ मध्ये झाली आणि आधी सर्वांत वरच्या श्रेणीत असलेली शाळा एकदम सर्वांत खालच्या श्रेणीत गेली. मुख्याध्यापिका रूथ पेरी यांनी अहवाल प्रसिद्ध होण्याआधीच, जानेवारी २०२३ मध्ये, आत्महत्या केली. मृत्यूच्या चौकशीत, डिसेंबर २०२३ मध्ये, त्या तपासणीचा यात वाटा होता असा निष्कर्ष निघाला. सप्टेंबर २०२४ पासून तिथल्या सरकारी शाळांना एका शब्दाची एकूण श्रेणी देणं बंद झालं. बाईंनी एवढं सांगून आमच्यासमोर कागद ठेवला: शाळेत गंभीर त्रुटी आहे, मुख्याध्यापकाला ती सांगायची आहे, सांगा. केपेची शिक्षिका मुख्याध्यापक झाली, मी अधिकारी. तीन वेळा करावं लागलं. पहिल्यांदा मी त्रुटी इतकी गोड करून सांगितली की तिला ती कळलीच नाही. दुसऱ्यांदा मी बोलत राहिले, तिला बोलू दिलं नाही. तिसऱ्यांदा बाईंनी एकच गोष्ट करायला लावली: सांगून झाल्यावर गप्प बस आणि ती काय म्हणते ते लिहून घे. आपल्याकडे श्रेणीचा एक शब्द छापून येत नसेल, पण शेरेपुस्तकातलं एक वाक्य मुख्याध्यापक वर्षानुवर्षं विसरत नाही. मी विसरलेले नाही.

त्याच दिवशी कळवून जावं की न कळवता, यावर वाद झाला आणि बाईंनी जोतिराव फुल्यांचं नाव काढलं. १८८२ साली हंटर शिक्षण आयोगापुढच्या निवेदनात फुल्यांनी म्हटलं होतं की डेप्युटी इन्स्पेक्टर वर्षातून एकदा येऊन जातो त्याचा उपयोग नाही, निदान तीन महिन्यांतून एकदा यावं, आणि आगाऊ सूचना न देताही यावं. ज्यांची मुलं शेवटी गुरांमागं पाठवली जायची त्यांच्या बाजूनं बोलणाऱ्या माणसानं ते मागितलं होतं. मला माझा शेजारी आठवला. तेव्हापासून माझं मत पक्कं आहे: अहवाल लिहायचा असेल तर कळवून जा, पण वर्षातून दोनदा तरी न कळवता जाऊन नुसतं बसून या.

बाईंची आणखी एक शिकवण रोज वापरते. शाळेत शिरल्यावर खुर्चीत बसायच्या आधी डोकी मोजायची. मग हजेरीपट, मग माध्यान्ह आहाराची नोंद. तिन्ही आकडे शेजारी शेजारी लिहायचे. माझ्या भागातल्या एका शाळेत हजेरी ३१, आहार ३४, डोकी २९ निघाली. पूर्वीची मी असते तर कपाळावर आठी घालूनच कार्यालयात शिरले असते. आकडे लिहिले, मग विचारलं. आहाराचा आकडा स्वयंसाहाय्य गटाला आदल्या संध्याकाळी कळवलेला होता, रात्री गावात जत्रा झाली होती, आणि दोन मुलं हजेरीनंतर वहिनीबरोबर पाहुण्यांना सोडायला गेली होती. शिक्षकानं कुणाची फसवणूक केलेली नव्हती, पण शाळेच्या वेळेत दोन मुलं बाहेर जातात आणि नोंद होत नाही, ही गोष्ट उरलीच. तेवढीच मी लिहिली. उरलेले भाजी-पाव कुठं गेले तेही विचारलं. बालवाडीतल्या मुलांना दिले होते.

कामाचं खरं स्वरूप बाई पहिल्याच दिवशी सांगतात, हा त्यांचा प्रामाणिकपणा. आठवड्यातले दोन दिवस शाळेत जायला मिळाले तर भाग्य समजा, म्हणाल्या. तसंच आहे. रजा, अनुदान, इमारत दुरुस्ती, यूडायस प्लसवर भरायची शाळांची माहिती, विधानसभेचं अधिवेशन आलं की आमदारांच्या प्रश्नांची उत्तरं, सगळं टेबलावर. कोठारी शिक्षण आयोगानं १९६६ च्या अहवालात प्रशासन आणि शाळांना शैक्षणिक मार्गदर्शन ही कामं वेगळी करा म्हटलं होतं. माझ्या टेबलावर ती अजून एकाच दोरीनं बांधलेली आहेत. जो मुख्याध्यापक कचेरीच्या कामाला कंटाळून तपासणीकडे यायचं म्हणतो त्याला मी हे आधी सांगते.

पण काही गोष्टींवर बाई बोलत नाहीत, आणि त्या बोलायला हव्यात. अनुदानित शाळेतून सरकारी पदावर जाताना आधीच्या नोकरीचं, शिल्लक रजेचं, निवृत्तिवेतनाचं काय होतं, हे आम्ही तिघांनी विचारलं. ‘खात्यात लेखी विचारा’ एवढंच उत्तर मिळालं. माझे त्यात पाच महिने गेले. उन्हाळ्याची सुट्टी जाते, हे तर रुजू झाल्यावर मे महिन्यात अंगावर आलं. आईला दर वर्षी मे महिन्यात मी माझ्याकडे आणायचे. एखाद्या बदलीसाठी वजनदार माणसाचा फोन आला तर काय बोलावं, याची एकही तालीम झाली नाही, आणि तो फोन मला तिसऱ्या आठवड्यात आला.

आणि एकटेपण. शिक्षक खोलीत डबा उघडून बसायची तेवीस वर्षांची सवय. आता मी शाळेत शिरले की शिक्षक खोली गप्प होते. ज्या बायकांबरोबर मी पाठ टाचणांवरून हसले-भांडले, त्याच उभ्या राहतात, ‘मॅडम’ म्हणतात. नारळपाणी येतं, काजूची पिशवी येते. ती परत कशी करायची, तेवढं बाईंनी शिकवलं होतं: अहवाल लिहून होईपर्यंत फक्त पाणी, आणि डबा आपला आपण न्यायचा. डबा मी नेते. तो गाडीत बसून खावा लागतो, हे कुणी सांगितलं नव्हतं. माझी जुनी शाळा माझ्या भागात येत नाही, त्याबद्दल मी देवाचे आभार मानते.

शनिवारच्या शाळाभेटीला आणि त्या लाल गोलांना मी पाचपैकी पाच देते, आणि साडेचार हजार त्या दोन गोष्टींचेच होते असं समजते. ज्यांनी मुख्याध्यापक म्हणून निदान पाच-सहा वर्षं काढलीत त्यांनी जावं. ज्यांना नुसती नोकरी बदलायची आहे त्यांना चौथ्या आठवड्यात कंटाळा येईल. आमच्यातले दोघं तेव्हाच गळले.

पुढची तुकडी चतुर्थीनंतर बसते, नऊ-दहा जणांपेक्षा जास्त घेत नाहीत. फोंडा बसस्थानकावरून ढवळीकडे बस मिळते, रविवारी कमी असतात, म्हणून साडेनऊला स्थानकावर असा. नोट्सवर अवलंबून राहू नका, कायदा आणि २०१९ ची दुरुस्ती स्वतः छापून न्या. वही शंभर पानी आणि शिवलेली हवी. सुट्या पानांवर लिहिलेलं बाई तपासत नाहीत.